थंडीत काश्मीर-मनालीकडे गाडी नेताय? मग एचएचओ किटचं पाणी गोठू नये म्हणून आधी एवढं करा

आपल्या खान्देशात पाणी गोठतं हे कोणाच्या डोक्यातच नसतं. धुळ्याला पारा ५-६ वर आला की आपण शेकोट्या पेटवतो, भरीत-भाकरीचे बेत करतो, पेपरात तोरणमाळला नाहीतर डाबला दवबिंदू गोठले म्हणून फोटो येतो, बस, तेवढंच आपलं बर्फ. म्हणून गाडीला एचएचओ किट, म्हणजे करंटने पाणी फोडून हायड्रोजन-ऑक्सिजनचा गॅस इंजिनला देणारं किट, बसवेल आहे तो माणूस आठ महिने काहीच बघत नाही, टाकीत पाणी कमी झालं की ओततो आणि चालतो. मग एक दिवस केळीचा माल भरून नाहीतर पोरंबाळं घेऊन तो जम्मूच्या वर जातो, रात्री गाडी उभी करतो आणि सकाळी बोनेट उघडून बघतो तर डब्यात गोळा.

माझं गॅरेज सावद्याकडे आहे, ऑटो इलेक्ट्रिकचं काम, केळीच्या गाड्या जास्त. थंडी सुरू झाली की हा एकच प्रश्न इतक्या जणांना इतक्यांदा समजावून सांगावा लागतो की म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच टाकू. ज्यांनी नवीन किट घेतलंय, ज्यांना केओएच म्हणजे काय तेही माहीत नाही, त्यांच्यासाठी आहे हे. जुन्या लोकांनी मापाचा भाग तरी वाचा, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथंच आहे.

आधी एक गोष्ट सरळ सांगतो, राग येऊ देऊ नका. किटने मायलेज वाढतं या बोलण्यावर माझा भरोसा नाही. किटच्या सेलला, म्हणजे पाणी फोडणाऱ्या प्लेटांच्या डब्याला, लागणारा करंट अल्टरनेटर देतो, अल्टरनेटरला इंजिन फिरवतं, इंजिनला डिझेल लागतं, आणि पाणी फोडायला जेवढी ताकद जाते त्यापेक्षा जास्त ताकद तो गॅस जाळून परत मिळत नाही, हा निसर्गाचा हिशेब आहे आणि तो कोणासाठी बदलत नाही. शिवाय गाडीत असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मधे येतो, वॉरंटी आणि इन्शुरन्सचाही प्रश्न येऊ शकतो, ते आधी विचारून घ्या. पण ज्याने बसवलंय त्याने बसवलंय. आता तो डबा थंडीत फुटू नये, कोणाच्या डोळ्यात आतलं कॉस्टिक, म्हणजे कातडी जाळणारं रसायन, उडू नये, एवढीच माझी तळमळ आहे.

गोठतं ते नक्की काय

किटमधे पाणी दोन ठिकाणी असतं आणि लोक एकाचाच विचार करतात. एक सेल आणि त्याची टाकी, ज्यात पाणी अधिक केओएच म्हणजे कॉस्टिक पोटॅश असतं. दुसरा बबलर, म्हणजे ज्या बाटलीतून गॅस बुडबुडे होऊन पुढं इंजिनकडे जातो. बबलर कशाला असतो तर इंजिनकडून आग उलटी आलीच तर ती पाण्यात विझावी म्हणून. या बबलरमधे बहुतेक सगळे साधं डिस्टिल्ड वॉटर भरतात. साधं पाणी ० अंशाला गोठतं आणि गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. म्हणजे सगळ्यात आधी काय गोठणार? बबलर. सेल नाही.

हे मी काश्मीर खोऱ्यातल्या काझीगुंडला स्वतः पाह्यलंय. जानेवारीत मावसभावाच्या गाडीबरोबर गेलो होतो, केळी भरेल होती. केळीला १३ अंशाच्या खाली थंडी सोसत नाही, साल काळी पडते, म्हणून मालाला गवत, गोधड्या, ताडपत्री असं सगळं लावेल होतं, पण बोनेटखालच्या दीड लिटरच्या बबलरचा विचार आम्ही दोघांपैकी कोणीच केला नाही. चिल्लई कलान चालू होतं, तिकडे २१ डिसेंबरपासून ४० दिवस कडाक्याची थंडी असते त्याला म्हणतात तसं. सकाळी ड्रायव्हरने गाडी चालू केली, सवयीने किटचं बटण दाबलं, आणि दोन मिनिटांत खालून फट्ट आवाज आला. टाकीवरची नळी निसटली होती आणि तिच्या तोंडातून कॉस्टिकचं पाणी बोनेटच्या आतल्या बाजूला उडालं होतं. नशीब की तेव्हा कोणी वाकून बघत नव्हतं. बबलरचं झाकण उघडलं तर आत काचेसारखा बर्फाचा दंडगोल, त्यात नळी उभीच्या उभी रुतलेली, झाकण वर ओढलं तर गोळा नळीसकट बाहेर आला आणि बाटलीच्या बुडाला नखाएवढी चीर. गॅसला जायला वाटच नव्हती, मग प्रेशर कुठून तरी निघणारच.

टाकीतलं पाणी मात्र दगड झालं नव्हतं. ओल्या साबणाच्या चुऱ्यासारखं झालं होतं, चमचा घातला तर जात होता. याचं कारण समजून घ्या, पुढं कामाला येतं. केओएचचं पाणी थंड होत गेलं की त्यातलं नुसतं पाणी आधी बर्फ होऊन वेगळं पडतं आणि उरलेलं पाणी आणखी कडक होतं, म्हणून ते हळूहळू लापशी होतं. त्यातून डबा फुटायची भीती साध्या पाण्यापेक्षा कमी, पण त्या अवस्थेत करंट सोडला तर प्लेटांमधे कुठं पाणी आणि कुठं बर्फ, करंट एकाच जागी जातो, गॅस अडकतो.

माप: चमच्याने नाही, वजनाने

आमच्या त्या गाडीत ज्याने किट बसवलं होतं त्याने केओएच “दोन चमचे टाका, करंट वाढला की थांबा” असं सांगेल होतं. खान्देशात चालतं ते. वर नाही चालत. न गोठायची सगळी ताकद त्या केओएचच्या टक्केवारीतच आहे, वेगळं औषध टाकायची गरजच नाही.

टक्के म्हणजे वजनाचे टक्के. १० टक्क्याचं पाणी साधारण मायनस ८ पर्यंत टिकतं. २० टक्क्याचं मायनस २४ च्या आसपास. २५ ते २८ टक्क्याचं मायनस ३५ च्याही खाली जातं. आणि ३० च्या थोडं वर गेलं की मग उलटं व्हायला लागतं, जास्त टाकलं म्हणून जास्त फायदा असं नाही, खडे बसतात तळाला, म्हणून २८ च्या पुढं जाऊच नका.

आता बाजारात केओएचचे पांढरे फ्लेक्स मिळतात ते शंभर टक्के नसतात, ८५ ते ९० टक्के असतात, बाकी त्यात पाणीच असतं. हे न धरता लोक हिशेब करतात आणि माल पातळ होतो. मी धरून हिशेब करून ठेवलाय, १ लिटर डिस्टिल्ड वॉटरला असा: १० टक्क्यासाठी १३० ग्रॅम फ्लेक्स, २० टक्क्यासाठी ३०० ग्रॅम, २५ टक्क्यासाठी ४०० ग्रॅम. वजनकाटा किराणावाल्याचा नको, स्वतःचा छोटा डिजिटल घ्या, कारण हा माल खाण्याच्या वस्तूंजवळ न्यायचा नाही.

कोणी किती करायचं? जळगाव, धुळे, नंदुरबारमधेच फिरायचं असेल, अगदी तोरणमाळला मुक्काम असला तरी १० टक्के पुष्कळ आहे. मनाली, शिमला, जम्मूपर्यंत असेल तर २०. बनिहाल ओलांडून काश्मीर खोऱ्यात जायचं असेल तर श्रीनगरचा पारा मायनस ५ ते ८ होतो, तसं पाह्यलं तर तिथंही २० चालतं पण मी २५ सांगतो, कारण गाडी कुठं अडकेल, रस्ता कुठं बंद पडेल, किती रात्री उघड्यावर जातील हे आपल्या हातात नसतं. द्रास-कारगिलकडे मायनस २० च्या खाली जातं, तिथं २५-२८ शिवाय नाही, आणि खरं सांगू का, तिथं जाणार असाल तर किट काढून घरी ठेवा.

कॉस्टिक सोड्याचं वेगळं आहे, फसू नका

केओएच मिळालं नाही की दुकानदार कॉस्टिक सोडा देतो, एकच आहे म्हणतो. एक नाही. सोड्याचं पाणी १९ टक्क्याच्या आसपास मायनस २८ पर्यंत टिकतं, तिथपर्यंत बरं आहे, पण तुम्ही “अजून थंडी आहे, अजून टाकू” म्हणून ३० टक्के केलं तर ते ० च्या आसपासच जमतं आणि ५० टक्क्याचं तर १२ अंशाला, म्हणजे आपल्या भुसावळच्या साध्या थंडीतही. जास्त टाकून जास्त गोठतं असा हा प्रकार. सोडाच असेल तर १८ च्या वर जायचं नाही, मापात चूक होईल असं वाटत असेल तर वापरायचंच नाही.

खायचा सोडा तर अजिबात नको. तो पाण्यात फारसा विरघळतच नाही, म्हणून थंडीत त्याचा काडीचा उपयोग नाही, मायनस २ च्या पुढं टिकत नाही. मीठ टाकणारेही भेटले मला, मिठाने क्लोरीन गॅस निघतो, तो विषारी आहे आणि प्लेटा खाऊन टाकतो.

आणि रेडिएटरचं कूलंट? सगळ्यात जास्त लोक हेच विचारतात, हिरवं कूलंट गोठत नाही तर तेच थोडं टाकू का. नका टाकू. ते रेडिएटरसाठी आहे, करंटसाठी नाही. प्लेटांवर त्याचं ग्लायकोल जळून चिकट घाण होते, फेस इतका येतो की फेस नळीतून थेट इंजिनकडे जातो. स्पिरिट टाकायचा सल्लाही देतात काही, त्याची वाफ पेट घेणारी असते, आधीच पेटणाऱ्या गॅसच्या डब्यात आणखी एक पेटणारी वस्तू कशाला.

बनवताना

मोकळ्या हवेत, हातात रबरी लांब हातमोजे, डोळ्याला चारी बाजूंनी बंद गॉगल, अंगावर पूर्ण बाह्यांचा शर्ट. बाजूला पाण्याने भरलेली बादली आणि चालू नळ. पोरांना लांब पाठवा, हे गमतीने नाही सांगत, कॉस्टिकचा थेंब हाताला आधी फक्त गुळगुळीत लागतो, जळजळ नंतर होते आणि तोपर्यंत कातडी गेलेली असते. डोळ्यात उडालं तर लगेच १५ मिनिटं सलग वाहत्या पाण्याने धुवायचं, चोळायचं नाही, आणि धुतल्यावर थेट डॉक्टर.

भांडं जाड प्लास्टिकचं, पांढऱ्या ऑइलच्या कॅनसारखं, नाहीतर स्टीलचं. घरातलं जर्मनचं म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं कधीच नाही, कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमला खातं आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. आधी पाणी घ्यायचं, मग त्यात मूठभर मूठभर फ्लेक्स सोडत काडीने हलवायचं. उलटं कधीच नाही, म्हणजे फ्लेक्सवर पाणी ओतायचं नाही, ते एकदम उकळून अंगावर येतं. २५ टक्क्याचं करताना भांडं चहाच्या पातेल्यासारखं तापतं, हात लागत नाही, म्हणून अर्धा माल टाका, थांबा, थोडं निवू द्या, मग उरलेला. पूर्ण थंड झाल्यावरच टाकीत भरायचं. उरलेल्या फ्लेक्सची पिशवी घट्ट बांधून डब्यात ठेवा, उघडी राहिली तर हवेतलं पाणी ओढून दोन दिवसांत चिखल होते आणि मग तुमचं माप पुन्हा खोटं.

तपासायचं कसं

बॅटरीचं अ‍ॅसिड बघायचं काचेचं हायड्रोमीटर असतं ना, तेच इथं चालतं, पण वेगळं घ्या, त्यावर पेंटने केओएच लिहा. अ‍ॅसिडचं आणि कॉस्टिकचं कधी एकत्र नको. साध्या तापमानाला १.१९ च्या आसपास दाखवलं तर २० टक्के, १.२४ म्हणजे २५, १.२७ म्हणजे २८. बॅटरीवाल्या भावांना हे लगेच कळेल, फुल चार्ज बॅटरीचं अ‍ॅसिडही १.२६-१.२८ असतं आणि ते मायनस ५० ला पण गोठत नाही, तीच बॅटरी उतरली की अ‍ॅसिडचं पाणी होतं आणि मायनस १० च्या आसपास जमून बॅटरी फुटते. इथंही तेच गणित, घट्ट आहे तोवर ठीक.

ज्याचा आकड्यावर विश्वास बसत नाही त्याच्यासाठी कुल्फीवाल्याची युक्ती. बादलीत बर्फाचा चुरा तीन भाग, मीठ एक भाग, नीट कालवा. मायनस १५ ते १८ पर्यंत जातं ते. छोट्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत तुमचं पाणी अर्धीच बाटली भरा, झाकण घट्ट लावा, बाटली त्यात गळ्यापर्यंत खुपसा आणि एक-दीड तासाने हातमोजे घालून काढून हलवा. १० टक्क्याचं असेल तर आत चुरा दिसतो, आवाज करतो. २० आणि २५ चं तेलासारखं जड फिरतं पण स्वच्छ राहतं. माझ्या गॅरेजवर एका ड्रायव्हरने शेजारी शेजारी दोन्ही बाटल्या बघितल्या आणि म्हणाला, “दादा, हाई ते नुसतं बरफ व्हयी गयं,” आणि त्याच दिवशी चमचा फेकून वजनकाटा घेऊन आला. हा प्रयोग घरच्या फ्रीजच्या फ्रीझरमधे करू नका, तिथं खायचं असतं.

बबलर

आता मुख्य काम, ज्याच्यासाठी एवढं लिहिलं. बबलरमधे साधं पाणी ठेवायचं नाही. जे पाणी टाकीत, तेच बबलरमधे, तेवढ्याच टक्क्याचं, अर्ध्यापर्यंत भरायचं, वर अर्धी जागा मोकळी. वरपर्यंत भरलं तर कॉस्टिकचे तुषार इंजिनकडे जातात आणि इनटेक, थ्रॉटल बॉडी सगळं अ‍ॅल्युमिनियमचं असतं, ते खाल्लं जातं. म्हणून बबलरनंतर एक रिकामी सुकी बाटली लावा, आत स्टीलची जाळी भरून, ओल तिथं अडते.

बबलरला पातळ अ‍ॅक्रिलिकची बाटली असेल तर वर जायच्या आधी बदला. आणि बबलर काढून टाकून सरळ नळी जोडायचा विचार मनातही आणू नका, “तिकडे गोठतो तर काढूनच टाकू” असं म्हणणारे आहेत, तो काढला तर आग उलटी थेट टाकीत येते.

नळ्या

गॅस ओला असतो, नळीत पाणी सुटतं, आणि जिथं नळीला झोळ आहे तिथं ते साचून रात्रीत बूच बसतं. म्हणून नळी सगळीकडे उतरती ठेवा, पाणी परत बबलरकडे वाहून येईल अशी, झोळ नको. पीव्हीसीची नळी थंडीत कडक होऊन तडकते, ईपीडीएम रबराची घ्या, ती मऊ राहते आणि कॉस्टिकलाही टिकते. वन-वे व्हॉल्व असेल तर सुक्या बाटलीच्या पुढं बसवा.

करंट, इथं नवीन माणूस चुकतो

हा भाग दोनदा वाचा. थंड पाण्यातून करंट कमी जातो. मायनस ५ ला सकाळी मीटर जे दाखवेल ते दुपारी गरम झाल्यावरच्या साधारण अर्धं असतं. नवीन माणूस सकाळी बघतो, १० अँपियरच दाखवतंय, गॅस कमी येतोय, म्हणून तिथंच अजून केओएच टाकतो. दोन तास गाडी चालते, बोनेटखाली गरम होतं, पाणी गरम होतं, करंट वाढतो, करंट वाढला म्हणून पाणी आणखी गरम, असं एकमेकांना ढकलत ३५-४० अँपियरवर जातं, वायर वितळते, फ्यूज जातो, नाहीतर फ्यूज चुकीचा असेल तर आगच. म्हणून करंट नेहमी गाडी तासभर चालल्यावर, क्लॅम्प मीटरने, म्हणजे वायरभोवती अडकवून करंट मोजायच्या मीटरने, बघायचा. सकाळचा आकडा आकडा धरायचाच नाही.

यात आणखी एक गाठ आहे. तुम्ही चमचाभर मालावरून २५ टक्क्यावर आलात तर त्याच सेलमधून करंट आपोआप खूप वाढतो. म्हणजे न गोठायसाठी जे केलं तेच सेलला तापवतं. याला उपाय पीडब्ल्यूएम कंट्रोलर, तो करंट बांधून ठेवतो, वर जाणाऱ्या गाडीला तो पाहिजेच. पीडब्ल्यूएम नसेल तर प्लेटांची संख्या बघा, कारच्या १२ व्होल्टला प्लस आणि मायनसच्या मधे पाच-सहा न्यूट्रल, म्हणजे वायर न जोडलेल्या, प्लेटा असाव्यात, ट्रकच्या २४ व्होल्टला त्याच्या दुप्पट. कमी असतील आणि कंट्रोलरही नसेल तर कडक पाणी भरूच नका, वर जाताना किटचा फ्यूज काढून, पाणी रिकामं करून जा, गाडी किटशिवाय चांगली चालते.

इंजिन बंद असताना किटला करंट मिळता कामा नये, रिले, म्हणजे किटचा करंट आपोआप चालू-बंद करणारा स्विच, ऑइल प्रेशरवर नाहीतर अल्टरनेटरवर घेतलेला असावा, नुसत्या चावीवर नको.

पाणी कधी टाकायचं

चालताना पाणी संपतं, केओएच संपत नाही. १ लिटर पाण्यापासून साधारण १८०० ते २००० लिटर गॅस होतो, म्हणजे मिनिटाला १ लिटर गॅस देणारा सेल असेल तर ३० तासाला १ लिटर पाणी. म्हणून पाणी कमी झालं की फक्त डिस्टिल्ड वॉटर टाकायचं, केओएच नाही, नाहीतर प्रत्येक वेळी टक्के वाढत जातील. आणि टाकीवरच्या भरायच्या खुणेच्या वर टाकायचं नाही, तेवढं ते पातळ होतं.

पण थंडीत कधी टाकायचं हे महत्त्वाचं आहे. रात्री ढाब्यावर गाडी लावताना टाकी वरपर्यंत भरायची सवय असते, ती तिकडे मोडा. नवीन पाणी हलकं, जुनं कॉस्टिकचं पाणी जड, दोन्ही आपोआप मिसळत नाहीत, नवीन पाणी वरच तरंगतं दुधावरच्या सायीसारखं, आणि रात्री तेच वरच्या वर गोठतं, नेमकं जिथून गॅसची नळी निघते तिथं. तुमचं माप २५ टक्के बरोबर असूनही वर बर्फाचं झाकण. म्हणून पाणी सकाळी गाडी गरम झाल्यावर टाका, त्यानंतर किट किमान अर्धा तास चालू द्या म्हणजे बुडबुड्यांनी सगळं ढवळलं जातं. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन केबिनमधे ठेवा, मागं टूलबॉक्समधे तो स्वतःच गोठतो.

रात्रीचा मुक्काम

टाकी आणि सेलला फोमचं आवरण लावलं तर चांगलं, पण त्याने थंडी थांबत नाही, उशिरा पोचते एवढंच, आठ-दहा तास गाडी उभी राहिली की आतबाहेर सारखं होतं. आवरणाच्या भरवशावर पातळ पाणी ठेवू नका. सायलेन्सरजवळ प्लास्टिकची टाकी बांधू नका, रेडिएटरच्या मागच्या बाजूला जागा मिळाली तर ती सगळ्यात बरी.

गाडी लावायच्या आधी पाच मिनिटं किटचं बटण बंद करून इंजिन चालू ठेवा, नळ्यांतला ओला गॅस ओढला जातो. मायनस १५ च्या खालची रात्र असेल तर बबलर काढून त्यातलं पाणी झाकणाच्या कॅनमधे घ्या आणि सकाळी परत भरा, त्या कॅनवर मोठ्या अक्षरात विष लिहा, ड्रायव्हर-क्लीनर अंधारात पाणी समजून पितील. बिसलरीच्या बाटलीत तर कधीच नाही.

गोठलंच तर

बटण दाबायचं नाही. फ्यूज काढून खिशात ठेवा, म्हणजे चुकून कोणी दाबणार नाही. झाकण सैल करा, तोंड लांब ठेवून, गॉगल लावून. मग कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं बाहेरून गुंडाळा, नाहीतर इंजिन चालू ठेवून बोनेट बंद करून तासभर वाट बघा. उकळतं पाणी ओतलं तर बाटली तडकते. तिकडे थंडीत डिझेल जाड झालं की टाकीखाली शेकोटी करणारे ड्रायव्हर मी पाह्यलेत, तेही धोक्याचंच आहे, लडाखसाठी तर २०१९ पासून मायनस ३३ पर्यंत चालणारं वेगळं डिझेल आहे, पण या डब्याजवळ तर काडी, स्टोव्ह, बिडी काहीच नको. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला तरी तो पेट घेतो आणि इथं तर त्यात ऑक्सिजन आधीच मिसळलेला आहे.

पूर्ण सुटलं की बाटलीला चीर आहे का बघा, टाकी हातमोज्याने हलवून पाणी एकजीव करा, बबलरमधे तोंडाने नाही, पंपाने हवा सोडून बुडबुडे येतात का बघा. आले तरच फ्यूज लावा. चीर दिसली तर ती एमसीलने बुजवून पुढं जाऊ नका, किट बंद ठेवून घरी या.

परत आल्यावर

बुऱ्हाणपूर ओलांडून रावेरला लागलात की काम संपलं असं समजू नका. मार्चपासून आपल्याकडे ऊन चढतं, मेमधे भुसावळ ४५ च्या वर जातं, आणि काश्मीरसाठी भरलेलं २५ टक्क्याचं पाणी त्या उन्हात सेलला फार तापवतं. होळीच्या आधी टाकी रिकामी करा, ते पाणी जाड प्लास्टिकच्या कॅनमधे घट्ट झाकण लावून, नाव-टक्के-तारीख लिहून, पोरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा, पुढच्या थंडीला हायड्रोमीटर लावून तेच वापरता येतं. काळं-पिवळं झालं असेल तर वापरू नका, प्लेटांचं क्रोमियम उतरलेलं असतं त्यात, ते नाल्यात किंवा शेताच्या बांधावर ओतायचं नाही, केळीच्या मुळाशी तर नाहीच, बॅटरीचं अ‍ॅसिड जिथं जमा करतात त्यांना विचारून पण वेगळ्या कॅनमधे द्या. टाकी डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवा, १० टक्क्याचं भरा, बबलरमधेही तेच, आणि तासभर गाडी चालवून मीटर लावून करंट पुन्हा बघा.